तिथीची पाऊणपट

संकष्टीच्या दिवशी आमच्या घरात कॅलेंडरपुढे दोघं उभे असतात. आईला चंद्रोदयाची वेळ हवी असते, मला भरतीची. तिची वेळ छापलेली असते, माझी मी काढतो. चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तिकडे कोकणात दुपारी तीनच्या आसपास समुद्र पुरता भरलेला असणार आणि रात्री पुन्हा साडेतीनच्या सुमाराला. हिशेब जमला की मी चहाकडे वळतो. या माहितीचा त्या दिवशी मला काडीचा उपयोग नसतो. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंच, मुंबईचा समुद्र सरळ रेघेत मोजला तरी पावणेसातशे-सातशे किलोमीटर दूर, आणि मला दहाच्या आत ऑफिसात अंगठा लावायचा असतो.

"काय पाहून राहिला रे एवढं?" आई विचारते.

"भरती."

"कशाची? पोलीसभरती निघाली का?"

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे कोकणपट्टीतलं जुनं गणित. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी पाण्यात कधी लोटायची एवढं ठरवायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, त्यामुळे पाणी खूप चढतं आणि तेवढंच मागे जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाण्याची धाव कमी. उधाणात मुंबईला पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. मालवणजवळच्या एका गावात ज्यांच्या होडीतून आम्ही गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातो, त्या तांडेलकाकांनी हे मला शिकवलं. मी मोठ्या हौसेने मोबाईलवरचं भरतीचं ॲप उघडून त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी त्याकडे धड पाहिलंही नाही. "पंचांग आसा मां तुमच्याकडे? मगे ह्या कित्याक व्हया?"

आम्ही चौघं आहोत. मी पाटबंधारे खात्यातला, एक बँकवाला, एक ढोरांचा डॉक्टर, आणि एक मास्तर. मास्तर शुद्ध शाकाहारी आहेत आणि तरी मालवणचा विषय निघाला की त्यांच्याच पिशवीतून रेल्वेचं वेळापत्रक बाहेर येतं. त्यांचं म्हणणं, मासा खायचा नसला म्हणून पाहूही नये असं कोणत्या ग्रंथात लिहिलंय?

समुद्रावर आमचं जाणं वर्षातून एखाद्या वेळी, तेही रजा, लग्नं, पोरांच्या परीक्षा आणि कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन यांतून वाट काढत. बाकीचं वर्ष ही हौस नागपुरातच राहते. मला तर वाटतं की तिचा मोठा वाटा इथलाच आहे. ज्याच्या अंगणातून समुद्र दिसतो तो उठतो आणि जातो. आम्हाला उठल्यावर अकरा महिने थांबावं लागतं, आणि त्या अकरा महिन्यांचं काहीतरी करावं लागतं.

म्हणून रविवारी पहाटे वस्तीतल्या मैदानावर आमचा सराव चालतो. नऊ फुटी कार्बन फायबरचा दांडा, त्यावर रील, दोरीच्या टोकाला गळ काढून बांधलेली रबरी गोळी. रीलवरची वाकडी तार उघडायची, दोरी तर्जनीच्या पेरावर धरायची, दांडा खांद्यामागे नेऊन पुढे झटका द्यायचा, आणि गोळी डोक्यावरून पुढे निघाली की बोट सोडायचं. बोट निमिषभर आधी सुटलं तर गोळी आभाळात जाते आणि जवळच पडते. उशिरा सुटलं तर पायाशी आपटते. नेमकं सुटलं तर दोरी रीलवरून सुळकन उलगडत जाते आणि मैदानाच्या पार त्या टोकाला क्रिकेटवाल्या पोट्ट्यांच्या स्टंपाजवळ टप्पा पडतो. मग एखादा पोट्टा गोळी हातात घेऊन येतो.

"का काका, इथं काय पकडून राहिले?"

"सुरमई," बँकवाला गंभीरपणे सांगतो.

"मिळाली का?"

"तूच आला ना बे घेऊन."

दुसरा उद्योग गाठींचा. आजकाल रीलवर विणलेली बारीक दोरी असते, ताकदीला जबर आणि ताणायला शून्य. पण खडकावर घासली की ती लगेच तुटते, म्हणून पुढे वाव-दीड वाव जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, जोडायचा. या दोन अगदी वेगळ्या जातींच्या दोऱ्या एकमेकींना बांधायची जी गाठ आहे, तिला गरवणारे एफजी म्हणतात. ती खरं तर गाठ नसतेच. तंगूस ताणून धरायचा आणि बारीक दोरी त्याच्याभोवती एकदा वरून, एकदा खालून अशी वीसेक वेळा घट्ट गुंफत न्यायची. शेवटी थुंकी लावून ओढली की ती तंगुसात रुतून बसते आणि दांड्याच्या कड्यांतून आवाज न करता निघून जाते. हलत्या होडीत, ओल्या हातांनी आणि उलटी दाबून धरलेली असताना ती बांधता येत नाही. ती नागपुरातच, पंख्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात बांधून न्यावी लागते. आमच्यात सगळ्यात सुबक डॉक्टरची. गायीच्या पोटाला टाके घालायचा हात आहे त्याचा. तो गाठ आवळतो तेव्हा खालचा ओठ दातांत धरतो, आणि त्या वेळी त्याच्याशी बोललेलं त्याला खपत नाही.

पण आमच्या हातात गरी आली ती समुद्रामुळे नव्हे. विदर्भात पाणी नाही असं जो म्हणतो त्याने भंडारा-गोंदिया पाहिलेलं नसतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून काही हजार मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आमच्या खात्यात 'माजी मालगुजारी'चं लघुरूप करून मामा तलाव म्हणतात. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने बांधलेले, पाण्याचा उतार नुसत्या नजरेने ओळखून. मी खात्यात लागलो तेव्हा त्यांचे सांडवे आणि पाळी, म्हणजे मातीचे बांध, बघत हिंडायचो, आणि माझं काम संपलं की कुणीतरी मासेमार ढीवरबाबा पाळीवर बसलेला दिसायचा. बांबूची काठी, मोरपिसाच्या देठाचा तरंगता तुकडा, गळाला गांडूळ. बाबा बोलायचे नाहीत आणि मलाही बोलू द्यायचे नाहीत. पिसाचा तुकडा आडवा होता होता उभा राहिला की मगच त्यांचा हात हलायचा.

मरळ मी तिथंच पहिल्यांदा नीट पाहिली. रोहू-कटला पाण्याखाली काय करतात ते तुम्हाला कळत नाही, पण मरळ वर येते. तिला हवेतून श्वास घ्यावा लागतो. शेवाळाच्या फटीतून काळं डोकं अलगद वर येतं, तोंड उघडून एक घोट हवा घेतं, आणि पाण्यावर एक वर्तुळ ठेवून जातं. पावसाळ्यात त्याच जागी कधी कधी पाण्यावर नारिंगी-लाल रंगाचा झुबका दिसतो, पाण्यात कुंकवाची चिमूट सांडावी तसा, आणि तो हलत असतो. ती पिल्लं असतात, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून. ती थव्यानेच हवा घ्यायला वर येतात, आणि त्यांच्या बरोबर खाली आई किंवा बाप पहाऱ्यावर असतो. त्या झुबक्यावरून रबरी बेडूक ओढत नेला की खालची मरळ त्यावर तुटून पडते. भूक नसतानाही पडते, कारण तिला तो पिल्लांवर आलेला शत्रू वाटतो. पहारेकरी गेला की झुबका उरत नाही. बाकीचे मासे तो वाटून घेतात.

हा प्रकार करणारे लोक आहेत, आणि ते फोटोही टाकतात. पाच किलोची मरळ छातीशी धरलेली, चेहऱ्यावर मर्दुमकी. मला त्यात मर्दुमकी दिसत नाही. बाबांची पद्धत सरळ होती. लाल पाणी दिसलं की त्या बाजूला पाठ करून बसायचं. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याच तलावातून त्यांना खायचं होतं, हे उघड होतं.

होडीत बसायलाही मी तिकडेच शिकलो. वैनगंगेवर आणि मोठ्या तलावांवर डोंगा असतो, एकाच ओंडक्यातून कोरून काढलेला. रुंदी मांडी घालण्यापुरती. त्यात बसलेल्या माणसाने शिंकायचं असेल तर आधी सांगावं. डोंग्यात सरळ बसता आलं की फायबरची होडी म्हणजे दिवाणखाना. आता डोंगेही कमी झाले. धरणावर जाळं लावायला पोरं ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जातात, हातांनी पाणी मारत. नागपूरच्या आसपास गरी टाकायची तर रामटेकजवळ खिंडसी आहे, इतरही लहानमोठे जलाशय आहेत. पण बहुतेक पाण्याचा मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थांकडे असतो. हौशी माणसाने आधी त्यांना विचारावं, पावती फाडत असतील तर फाडून घ्यावी, आणि मगच बसावं. पेंचच्या जंगलातल्या पाण्याचं नावही काढू नये, तिथं मनाई आहे.

तळ्यावर आपल्याला एक वाईट सवय लागते. वेळ आपली असते. रविवारी सकाळी उठलो, गेलो, बसलो. पाणी तिथंच असतं. समुद्रावर पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही याच गुर्मीत होतो. सकाळी आठला नाश्ता करून ऐटीत किनाऱ्यावर आलो, तर होडी ओल्या वाळूवर आडवी पडलेली आणि पाणी लांब गेलेलं. तांडेलकाका जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर करून एवढंच म्हटलं, "उतावळे होव नकात. येतला परत."

नागपूरहून निघणारी मडगावची गाडी कल्याण-पनवेल करत कोकणात उतरते आणि आम्हाला कुडाळला सोडते. जवळजवळ चोवीस तासांचा प्रवास. दांडे मोडू नयेत म्हणून आम्ही ते नळाच्या कामाच्या पीव्हीसी पाइपात घालतो, दोन्ही टोकांना बूच. चार इंची, माणसाएवढा लांब पाइप घेऊन डब्यात चढणारे चार पुरुष बघितले की लोकांना वाटतं प्लंबरांची टोळी निघाली. एकदा एका टीसीने तो ठोकून पाहिला. बँकवाल्याने सांगितलं, मासे पकडायचे दांडे आहेत. नागपूरहून? हो. समुद्रात? हो. टीसीने तिकिटं तपासायची सोडून दिली आणि समोरच्या बर्थवर टेकून गळाला कणकेत काय मिसळावं यावर बराच वेळ बोलला. त्याचा भर लसणावर होता.

निघण्याआधीचे आठ दिवस आमचा ग्रुप हवामान खात्याची शाखा होतो. मच्छीमारांसाठीचे इशारे, वाऱ्याचा वेग, लाटांची उंची. या सगळ्यात मला एक गोष्ट फार आवडते. देशभरातल्या मच्छीमारांना समुद्राची खबर देणारी संस्था इन्कॉईस, १९९९ साली सुरू झाली ती हैदराबादेत. तीही समुद्रापासून कोस कोस लांब. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे असू शकतील याचे नकाशे तिथं बनतात आणि किनाऱ्यावरच्या बंदरांना जातात. थंड आणि गरम पाणी जिथं भेटतं तिथं बारीक शेवाळ वाढतं, त्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे. मैदानावर आम्हाला कुणी फारच हसलं तर मी हैदराबादचा दाखला देतो.

शाळेत भूगोलाच्या पेपराला मतलई वारे आणि खारे वारे यांतला फरक दोन मार्कांना यायचा. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे, तो मतलई. दिवसा जमीन तापते म्हणून समुद्राकडून जमिनीकडे, तो खारा. नागपूरच्या वर्गात हे पाठ करणाऱ्या पोरांपैकी कुणाच्या अंगाला यातला एकही वारा लागला नव्हता. तो लागला तो तांडेलकाकांच्या होडीत, पहाटे पाचला, पाठीवर. गार, कोरडा, मागच्या डोंगरातल्या पालापाचोळ्याचा वास घेऊन आलेला. त्या वाऱ्याच्या पाठबळाने होडी आत जाते. दहा-अकरानंतर तो पडतो, थोडा वेळ सगळं चिडीचूप होतं, आणि मग पश्चिमेकडून खारा वारा उठतो, पाण्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. त्याच्या आत परत यायचं. पुस्तकात दोन वाऱ्यांची दोन चित्रं शेजारीशेजारी असायची, त्यांच्या मधला हा पडीचा वेळ कुठेच नव्हता.

याच वेळात बँकवाल्याला बोट लागते. होडी चालू असते तोवर तो ठीक असतो. नांगर टाकला, होडी जागच्या जागी डोलायला लागली की त्याचा चेहरा हिरवट होतो. डोळे म्हणतात होडीतली फळी स्थिर आहे, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं अजिबात नाही, आणि त्या भांडणात पोटाचा बळी जातो. क्षितिजावर नजर लावावी, वाकून गाठी मारत बसू नये, रिकाम्या पोटीही जाऊ नये. आम्ही नागपूरहून संत्री नेतोच. त्यांची सालं नाकाशी धरून तो बसतो. गुण सालीचा की गावच्या वासाचा, सांगता येत नाही.

"मले किनाऱ्यावर सोडा बे."

"किनारा इथं कुठून आणू?"

"मंग मले बुडवा."

तांडेलकाका हे सगळं ऐकून घेतात. विदर्भाची बोली त्यांना निम्मीच कळते, पण ओकाऱ्यांची भाषा सगळ्या किनाऱ्यांना येते.

मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे कुठे नांगर टाकायचा हे काकांवर सोडलेलं बरं. ते किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरतात, एक देवळाचा कळस आणि एक डोंगराची खाच. त्या एका रेषेत आल्या की इंजिन बंद. खाली खडक. तिथं शिशाचा चकचकीत जिग, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, सोडायचा. दोरी सुटत राहते, सुटत राहते, आणि एकदम सैल पडते. तळ लागला. मग दांड्याला झटके देत तो वर आणायचा. पाणी थांबलेलं असेल तर काही होत नाही. तास-तास होत नाही. "मासो हंयच आसा," काका म्हणतात, "पण पाणी थांबलाहा. चालाक लागला की बघा." आणि खरोखरच, भरती फिरली, नांगराची दोरी ताणली गेली, की दहा मिनिटांत डॉक्टरचा दांडा वाकतो. गोबरा असेल तर तो पहिल्या झटक्यातच खडकाच्या कपारीकडे धाव घेतो. तिथं शिरला की संपलं, म्हणून सुरुवातीच्या चार-पाच सेकंदांत रील आवळून त्याला वर उचलावाच लागतो. नागपुरात बांधलेली गाठ त्या सेकंदांत पास होते किंवा नापास.

एकदा असा एक गोबरा वर आला, लहानच, दीड किलोच्या आतला. डॉक्टरने गळ काढला आणि त्याला सोडायचं ठरवलं. गोबऱ्याची गोष्ट अशी की तो मादी म्हणून जन्मतो. वाढला की त्यांतले काही नर होतात. खाडीतल्या जिताड्याचं नेमकं उलट. तो आधी नर, आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी. म्हणजे मोठा जिताडा धरला की बहुधा अंड्यांवरची मादी धरली, आणि सगळे मोठे गोबरे काढले की नरांचा दुष्काळ. लहानांना सोडून द्यावं की मोठ्यांना, याचं उत्तर माशागणिक बदलतं. डॉक्टरला हे पाठ असतं आणि तो ते होडीत सांगतोही, ऐकणारा ओकत असला तरी.

त्याने गोबरा पाण्यात सोडला, पण तो खाली जाईना. पोट वर करून तरंगत राहिला, तोंडातून काहीतरी गुलाबी बाहेर आलेलं. खोल पाण्यातून मासा भराभर वर ओढला की दाब कमी होतो, त्याच्या आतली हवेची पिशवी फुगते आणि जठर तोंडातून बाहेर ढकलते. अशा माशाला नुसतं सोडून चालत नाही. वजन लावून पुन्हा खोलवर नेऊन सोडावं लागतं, नाहीतर तो वरच मरतो, किंवा घार उचलते. डॉक्टरने वजनाला बोथट आकडा बांधला, तो ओठात अडकवला, आणि दोरी सोडत सोडत त्याला तळाकडे नेलं. झटका दिला तसा आकडा सुटून वर आला, रिकामा.

तांडेलकाका हे सगळं बिडी विझवून पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "सोडूचो होतो तर धरलास कित्याक?"

कुणी काही बोललं नाही. मास्तर तेवढे म्हणाले, "मी यांना कधीपासून हेच विचारतो आहे."

मी यावर बराच विचार केला आहे आणि मला पटणारं उत्तर मिळालेलं नाही. काका मासे धरतात ते पोटासाठी, आणि लहान मासा परत टाकणं त्यांना माहीत नाही असं नाही. राज्याने बऱ्याच जातींसाठी किमान आकार ठरवून दिलेत, आणि त्याआधीपासून जुनी माणसं जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकांच्या आकाराचा, विचार करत आली. पण ते माशाशी खेळत नाहीत. आम्ही खेळतो, मग सोडतो, आणि सोडल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटतो. त्या दिवसापासून आमच्यात एक न लिहिलेला नियम झाला. खोल खडकावर खाण्यापुरतं मिळालं की जिग वर घ्यायचा, आणखी एक म्हणून टाकायचा नाही. सोडायची हौस असेल तर ती उथळ खाडीत भागवायची, जिथं मासा सोडला की शेपटीने आपल्याच तोंडावर पाणी उडवून जातो. नियम चांगला आहे की सोयीचा, हा वाद गाडीत परतीच्या वाटेवर भुसावळपर्यंत चालतो.

जेवणाचं एक सांगायलाच हवं. डॉक्टर नागपूरहून सावजी मसाल्याची पुडी आणि जवसाच्या तेलाची बाटली नेतो. ज्या घरी आम्ही उतरतो तिथल्या काकूंकडे एकदा त्याने सुरमईचा सावजी रस्सा करायची परवानगी मागितली. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. मसाला काळा होईपर्यंत परतला, तर्री वर आली, डॉक्टर घामाघूम झाला. त्यांनी चमच्याच्या टोकाने चव घेतली, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "बरा झालाहा. पण ह्यात मासो खंय आसा?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं केलं, आणि डॉक्टर तेव्हापासून सावजी मटणापुरतंच मर्यादित ठेवावं या मताचा आहे. मास्तरांना सोलकढी, भात आणि काळ्या वाटाण्याची आमटी. तक्रार शून्य.

परत आल्यावर खरं काम सुरू होतं. मिठाचं. रील नळाच्या गोड्या पाण्याखाली धरायची, धार मंद ठेवायची, नाहीतर मीठ बाहेर येण्याऐवजी आत बसतं. दोरी जिथून वळते त्या छोट्या चाकाशी पांढरा दाणा साचलेला असतो, टाचणीच्या डोक्याएवढा. तो जुन्या दातांच्या ब्रशने काढायचा. मग पुसून, उघडून, ग्रीस. कंटाळा करून ठेवून दिली तर नागपूरच्या मे महिन्यात सगळं कोरडं ठणठणीत असतं, काही बिघडलंय असं वाटत नाही. पहिला पाऊस पडला, हवेत ओल आली, की आत राहिलेलं मीठ जागं होतं आणि चाक करकरायला लागतं. ही करकर ऐकली की मला कळतं, तिकडे बंदी लागलेली असणार. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौका बंदरात, माशांचे प्रजननाचे दिवस. मग नारळी पौर्णिमा.

गेल्या पावसाळ्यात नाग नदीवरच्या पुलावरून जाताना मास्तरांनी स्कूटर थांबवली आणि एक प्रश्न टाकला, जो माझ्या खात्याच्या माणसाला आधीच सुचायला हवा होता. आपलं पाणी कोकणात जातं का? जात नाही. नाग लाव्हा गावाकडच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात येते, पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रातून बंगालच्या उपसागराला. नकाशावर पट्टी ठेवली तरी तोच समुद्र जवळ. काकीनाडा किंवा विशाखापट्टणम मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटरनी अलीकडे. आम्ही आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून बसलो आणि आमचा उतार पूर्वेला.

आणि आपण त्या उतारावरून काय पाठवतो हेही नागपूरकराला सांगायला नको. पुलावर नाकाला रुमाल लावूनच उभं राहावं लागतं. शहराचं सांडपाणी नागेतून गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यापर्यंत जातं, तिथले ढीवर त्याच पाण्यात जाळं टाकतात. कोकणात प्लास्टिकची एक पिशवी तरंगताना दिसली तर आम्ही होडी वळवून ती उचलतो आणि फार पुण्य केल्याच्या चेहऱ्याने बसतो. इथं पुलावरून खाली पाहिलं की त्या चेहऱ्याचं काय करावं कळत नाही. मी खात्यात आहे, म्हणून मित्र माझ्याकडे बघतात. मी मलनिस्सारण आमच्याकडे नाही असं सांगतो, जे खरं आहे आणि निरुपयोगी आहे.

तेव्हापासून मास्तरांनी धरून ठेवलंय की या वेळी पूर्वेला जायचं, नागेच्या मागे मागे. विजयवाड्यापर्यंत थेट गाड्या आहेत, पुढे नरसापूर, आणि तिथून अंतर्वेदी, जिथं गोदावरीचा एक फाटा समुद्राला मिळतो. तिकडची मासेमारीबंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे डिसेंबरात अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. माझं पाऊणपटीचं गणित त्या किनाऱ्यावर चालत नाही, तिकडे भरतीच्या वेळा निराळ्या. तिथीला कशाने गुणायचं ते सांगणारा कुणी तेलुगू काका शोधावा लागेल. डॉक्टरने तेलुगूतले माशांचे शब्द गोळा करायला घेतलेत, भोईपुऱ्याच्या बाजारात आंध्रची मासळी उतरवणाऱ्या ट्रकवाल्यांकडून. बँकवाला एका अटीवर तयार झालाय. गरवायचं ते नदीच्या मुखाशीच, होडी आत समुद्रात न्यायची नाही. मुखाशी नदीचं पाणी आणि समुद्राच्या लाटा समोरासमोर भिडतात आणि होडी सगळ्यात जास्त तिथंच आपटते, हे आम्ही त्याला अजून सांगितलेलं नाही.